शेवटचं रीळ आलंच नाही

आमच्या पट्टीत सिनेमा यायचा तो तंबूतून. मिठागरं भरात असताना कोरड्या शेतात तंबू उभा राहायचा आणि गाव जेवणं आवरून तिकडे धावायचं. स्वातंत्र्य नवं होतं, मीही सासरी नवी होते. घरातले सगळेच मिठागरावर. थोरल्या जाऊबाई आणि मी डोक्यावरून मीठ वाहायचो, थोरले दीर उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. उधाणाची भरती आली की तिच्या फळ्या उचलून खारं पाणी आत घ्यायचं आणि पुन्हा फळ्या बसवायच्या. एक उधाण चुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत मिठाचे वाफे कोरडे पडायचे. म्हणून दिरांचं काम मोठ्या जोखमीचं, आणि आमची राहती खोपही मिठागराच्या मालकाच्या, शेठच्याच बांधावर.

त्या वर्षी सगळा राग होता तो पिण्याच्या पाण्यावरून. आम्ही घरून मडकं न्यायचो, ते उन्हं चढेस्तोवर संपायचं. शेठच्या मेहताच्या, म्हणजे मुनिमाच्या, छपरीत मात्र गोड्या पाण्याचं पिंप भरलेलं असायचं, आणि ते त्याच्या एकट्याचं. एकदा भर उन्हात मला भोवळ आली. जाऊबाईंनी धावत जाऊन त्या पिंपातून तांब्या भरला. मेहताने तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्यादेखत बांधावर ओतला. आज इतकी वर्षं झाली, तरी त्या माणसाचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

त्याच आठवड्यात तंबूत गिरणी कामगारांचा सिनेमा लागला. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, सगळे जमिनीवर. खाडीवरून वारा आला की पडदा फुगायचा आणि गिरणीचं धुराडं कमरेत वाकायचं, पोरं खिदळायची. पण गिरणीतल्या एका बाईने चालतं यंत्र बंद केलं, तिच्या मागोमाग सगळी यंत्रं थांबली, तेव्हा तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे कामगार उठून फाटकाशी जाऊन बसले. कुणाला शिवी नाही, दगड नाही. नुसते बसले. तोवर मला सिनेमा म्हणजे राजे, राण्या आणि देव एवढंच ठाऊक. माझ्यासारख्या हाताला घट्टे पडलेल्या बाईचं तोंड पडद्यावर एवढं मोठं मी पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगते, मी ढसाढसा रडले.

आणि तिथेच दिवे लागले. एकच सिनेमा दोन गावांतल्या तंबूंत चालायचा, रिळं होडीने इकडून तिकडे यायची. शेवटचं रीळ घेऊन येणारी होडी ओहोटीच्या चिखलात रुतली होती. लोकांनी तंबूवाल्याला नाही नाही ते ऐकवलं. तो तरी काय करणार! दुसऱ्या दिवशी त्याने गाशा गुंडाळला.

बांधावर बायकांना दुसरा विषय नव्हता. फाटकाशी बसलेल्यांचं पुढे काय झालं? एक म्हणाली, "आपन पन बसूया फाटकाशी." सगळ्या हसल्या. मिठागराला कुठलं आलंय फाटक? चहूकडून उघडं, वर आभाळ.

जाऊबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाय की. उघाडी हाय."

मी म्हटलं, "बाय, तिथं भाऊजी हायेत."

"मना ठावं न्हाय का?"

पुढच्या उधाणाला भरती चढायच्या आत जाऊबाईंनी पदर खोचला, पाटी पालथी घातली आणि उघाडीच्या फळ्यांवर जाऊन बसल्या. मागोमाग आम्ही सगळ्या. मागणं एकच, बांधावर आमच्यासाठी गोड्या पाण्याचं पिंप. मेहता धावत आला, हातवारे करून ओरडला, मग त्याने दिरांना पुढे घातलं. "उठव तुझ्या बायकोला! नाहीतर तूही जा न् तुझी खोपही जाऊ दे!"

दीर फळ्यांशी आले. खाली पाणी चढत होतं. खोपीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

"ऊठ गं," दीर म्हणाले.

"पानी देतो बोलला का तो?"

"न्हाय."

"मंग तुमी पन बसा."

दिरांनी वळून खोपीकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं, घडी केली, जाऊबाईंच्या बाजूच्या ओल्या फळीवर अंथरली आणि मेहताकडे पाठ करून बसले. मी त्यांना त्याआधी कधी बायकोच्या शेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं. भरती फळ्यांना लागली, थबकली आणि परत फिरली.

उधाण अजून दोन दिवस होतं, शेठला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी भरती यायच्या आत बैलगाडीतून पिंप आलं. मेहताचं तोंड एवढंसं झालं होतं. दिरांची नोकरी राहिली, खोपही राहिली. उघाडी त्यांच्यासारखी सांभाळणारा दुसरा होता कोण!

पुढे कित्येक वर्षांनी तोच सिनेमा अलिबागला लागला. मी मुद्दाम गेले, शेवटच्या रिळासाठी. त्यात गिरणीच्या मालकाची मुलगी आजारी पडते, मालकाला पाझर फुटतो, तो रडत रडत स्वतःच्या हाताने फाटक उघडतो आणि कामगारांना मिठी मारतो. मी हिरमुसून घरी आले. तरीही त्या सिनेमाला मी नाव ठेवणार नाही. यंत्र थांबवणारी ती बाई त्यानेच आम्हाला दाखवली.

जाऊबाई अंगणात जवळा निवडत होत्या. मी त्यांना शेवट सांगितला. त्यांचा हात थांबला.

"सोताच रडला? सोताच उघडलं?"

"व्हय."

त्या खळखळून हसल्या. "बरं झालं गं बाय तवा होडी रुतली. न्हायतर आपन अजून शेठच्या रडायची वाट बघत बसलो असतो."