आत्याबाईंच्या ताकातले दागिने

अख्ख्या सोलापुरातला राग एकाच जागी साठवायचा ठरला असता, तर आमच्या आत्याबाईंखेरीज दुसरी जागा सापडली नसती. बालविधवा, सारा जन्म भावाच्या घरी गेलेला, अंगावर कायमचं लाल आलवण. पण तोंड उघडलं की गल्ली चिडीचूप. स्वस्तात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा दात होता. सणासुदीला बाजारातून आलेला डूल असो की हार, त्यांच्या आंबट ताकाच्या वाडग्यात बुडून निघाल्याशिवाय तो कोणाच्या अंगावर चढत नसे. "कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकलं तर मोरीत ओतता ना? मग तेच पितळ पोरीच्या गळ्यात कसं बांधता? पोर काय गळ्यातलं गळ्यात ठेवते? चोखते की!" शेजारच्या काकूंनी गौरीसाठी आणलेला हारही त्यांनी असाच बुडवला. मुलामा ताकात गेला आणि हातात नुसतं काळपट शिसं उरलं. देवीचा दागिना बाटवला म्हणून काकूंनी आकांत मांडला. "देवी चोखत नाही म्हणून वाचली," आत्याबाई म्हणाल्या, "पण गौरी उठल्यावर हा हार नातीच्याच गळ्यात जाणार ना?" काकूंनी बोलणं टाकलं. आत्याबाईंनी बोलणं चालूच ठेवलं, भिंतीपलीकडून.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत तर त्यांना न्यायची आम्हाला धास्तीच वाटे. एका वर्षी हिरव्यागार पिपाण्यांच्या दुकानापुढे त्या ठाण मांडून उभ्या राहिल्या. "लई झ्याक माल हाय आजी, थेट मुंबईचा," दुकानदार म्हणाला. "मग वाजव की," आत्याबाई म्हणाल्या. त्यानं बिचाऱ्यानं ऐटीत वाजवली आणि त्याचे ओठ पोपटासारखे हिरवे झाले. "असल्या हिरव्या रंगात सोमलाचं विष असतं. तुझ्या पोराला देशील ही?" तो ओठ पुसत प्रामाणिकपणे म्हणाला, "न्हाय बा." "मग आमच्या पोरांनी काय पाप केलंय रे?" भोवती गर्दी जमली, त्या दिवशी त्याची एकही पिपाणी खपली नाही, आणि मी मान खाली घालून गर्दीतून वाट काढली.

त्याच संक्रांतीला माझ्या तान्ह्या लेकीचं, मंगलचं, बोरन्हाण होतं. हलव्याच्या दागिन्यांना मुंग्या लागतात म्हणून आईनं त्या साली जत्रेतून नव्या तऱ्हेचा हार आणला होता: हुबेहूब हलवाच, पण रंगवलेल्या मण्यांचा, मधे हिरवी पानं. आत्याबाईंच्या नजरेला तो पडू नये म्हणून तिनं आयत्या वेळी काढला. बायका जमल्या. शुभकार्य म्हणून आत्याबाई रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीत. मंगलनं हार तोंडात घातला, आणि हलवाच समजून काकू कौतुकानं म्हणाल्या, "खा गं खा, गोड आहे!"

दाराच्या फटीतून आत्याबाईंना मंगलचे हिरवे ओठ दिसले. त्या सुवासिनींच्या मधोमध घुसल्या, हार हिसकावला, पोरीच्या घशात बोट घातलं. मंगल भडाभडा ओकली, मग जोरात रडली, आणि माझ्या जिवात जीव आला. पण खोलीत सगळ्याजणी आत्याबाईंच्या आलवणाकडे पाहत होत्या. "वन्सं, आज तरी..." आई पुटपुटली. मला अजून संताप येतो. पोरीच्या ओठांवरचं विष त्या बायकांपैकी एकीलाही अशुभ वाटलं नव्हतं. जिनं ते बाहेर काढलं, ती मात्र वाटली.

आत्याबाई पदर सावरत मागे वळल्या. तेवढ्यात माझ्या बायकोनं त्यांचा हात धरला. "आत्याबाई, बोरं तुम्हीच ओता." तिनं त्यांच्या ओंजळीत बोरं, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे घातले. आत्याबाई तशाच उभ्या. भल्याभल्या दुकानदारांना धारेवर धरणारा तो आवाज अगदी बारीक झाला होता.

"अगं, डोक्यावरून ओतायचं की अंगावर? मला कधी कोणी जवळून बघूच दिलं नाही."

तिनं त्यांची ओंजळ हळूच मंगलच्या डोक्यावर नेली आणि उघडली.