चढ हरवलेली वाट

या सदरातले अनुभव मी आजवर कवितेसारखे वाचत आले. त्यातला गंध, आवाज, भीतीचा स्पर्श तेवढा घ्यायचा आणि खरं-खोटं विचारायचं नाही. भूत, चकवा, बाहेरची बाधा यांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण सात वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातले तीन तास माझ्या कुठल्याच समजुतीत बसत नाहीत... म्हणून ते घडले तसे लिहिते आहे.

आम्ही जबलपूरचे. आजोबा अमरावतीकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. मी सिविल लाइंसमधल्या एका शाळेत शिकवते. माझी धाकटी बहीण रोहिणी, मैत्रीण वंदना, आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक मनोज भैया आणि मी, असा आमचा सायकलींचा कंपू होता. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली भाड्याच्या जीपवर बांधायच्या, जंगलाच्या तोंडाशी उतरायचं आणि पायवाटा तुडवायच्या, हा आमचा रविवार.

त्या रविवारी कुंडम गावाच्या पुढे, जंगलात, गरम पाण्याचं एक लहानसं कुंड आहे असं कळलं म्हणून निघालो. सडकेवरच्या चहाच्या टपरीपाशी जीप आणि ड्रायव्हर थांबले. तिथून कुंडापर्यंत बैलगाडीची वाट, चार किलोमीटर, आणि सगळा उतार. ही एक गोष्ट कृपया लक्षात असू द्या – जाताना सगळा उतार.

निघताना रोहिणीने जॅकेटची चेन लावली, तेव्हा मीच म्हटलं, "ठेव ते जीपमध्ये. दहा मिनिटांत घाम येईल." तिने ठेवलं. तिला लहानपणापासून दमा आहे, आणि तिचा इनहेलर त्या जॅकेटच्या खिशात होता... हे मला ठाऊक असायला हवं होतं.

काळ्या खडकाच्या खोलगट द्रोणात ते कुंड होतं, एखाद्या अंगणाएवढं. हिरवट पाणी, त्यावर पांढरी, आळसावलेली वाफ. नुकत्याच विझलेल्या काडीचा आणि उकडलेल्या अंड्याचा मिसळलेला वास. बुटाच्या तळातूनही जमिनीची ऊब जाणवत होती, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. काठावर शेंदूर फासलेला एक दगड होता.

"चलो ताई, परिक्रमा करू! सायकलवरच!" रोहिणी ओरडली.

"अगं, बूट घालून काहून?" वंदना म्हणाली. "देव पाहून राहिला ना."

"देवाला सांग, हेल्मेट घातलंय."

आम्ही हसलो. आम्ही नर्मदेच्या गावची माणसं. पाणी उजव्या हाताला ठेवायचं, आणि एकदा उचललेली परिक्रमा अर्धी टाकायची नाही, हे आमच्याकडे पाढ्यांच्याही आधी शिकवलं जातं. तरीही आम्ही ती थट्टेत उचलली. ओल्या मातीत चार टायरच्या रेघा उमटत गेल्या. अर्ध्यावर रोहिणीने पाय टेकला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्या वाफेने तिचा श्वास कोंडला होता.

परिक्रमा तिथेच सोडून आम्ही मागे फिरलो. तिला एका साजाच्या झाडाखालच्या सपाट दगडावर बसवलं.

"इनहेलर?"

"जॅकेट... जीप..." तिला दोन शब्द सलग बोलवत नव्हते.

वंदना तिच्याजवळ थांबली. मोबाईलला रेंज नव्हती. मनोज भैया आणि मी सायकलींवर बसलो. "अर्ध्या तासात येते," मी तिला म्हटलं. तिने नुसती मान हलवली, श्वास वाचवून.

पहिलं वळण आम्ही चढलो, मांड्या भरून आल्या. दुसऱ्या वळणावर पेडल हलकं झालं. मग फारच हलकं. चाकं आपोआप धावू लागली, कानांत वारा भरला.

"दीदी," मागून मनोज भैया ओरडले, "चढ़ाई कहाँ गई?"

आम्ही उतरत होतो. ब्रेकच्या रबराचा जळका वास येऊ लागला. आणि झाडं संपली तिथे समोर काळा खडक, हिरवं पाणी, वाफ. तेच कुंड. तोच शेंदरी दगड. साजाखालचा सपाट दगड मात्र रिकामा.

रोहिणी नव्हती. वंदना नव्हती. त्यांच्या सायकलीही नव्हत्या. मी हाक मारली, तर आवाज कापसात पडल्यासारखा माझ्याच तोंडाशी थांबला.

"वो लोग पैदल निकल गए होंगे," मनोज भैया म्हणाले. त्यावर विश्वास ठेवणं सोयीचं होतं. पुन्हा निघालो. पुन्हा तेच वळण, तोच फसवा हलकेपणा, तोच उतार... आणि तेच पाणी. तिसऱ्यांदा वाट सोडली. सायकली खांद्यावर घेऊन घाणेरीच्या काटेरी झुडपांतून सरळ वर चढलो. हात सोलवटले. माथा आला. माथ्यापलीकडून वाफ वर येत होती.

कोंडून घालणारं तिथे काहीच नव्हतं. जंगल विरळ होतं, वर निळं, स्वच्छ, भर सकाळचं आकाश होतं. चहूबाजूंनी वाटा मोकळ्या होत्या, आणि प्रत्येक वाट आम्हाला ओंजळीतल्या पाण्यासारखी त्याच तळाशी आणत होती. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. एका मिनिटात किती श्वास, आणि त्यांतले किती तिला मिळत असतील.

आणखी एकदा गेलो, आणखी एकदा परतलो. मग मनोज भैयांनी सायकल टाकून दिली आणि ते खाली बसले. पोरांना मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावणारा तो दणकट माणूस हुंदके देत होता. "दीदी, ये हमें छोड़ नहीं रहा."

तेव्हा मला मातीतल्या रेघा दिसल्या. कुंडाभोवती अर्ध्यापर्यंत आलेल्या आणि तिथे तुटलेल्या. मी विचार केला नाही. बूट काढले, मोजे काढले. जमीन पोळत होती. रेघा तुटल्या होत्या तिथून, पाणी उजव्या हाताला ठेवून, चालू लागले. त्यात श्रद्धा नव्हती. करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, एवढंच.

शेंदरी दगडापाशी फेरी पूर्ण झाली आणि आधी तो आवाज आला. छातीतली ती शिट्टी. मग साजाखाली रोहिणी दिसली. ओठ राखेच्या रंगाचे. तिच्याशेजारी वंदना, आमचा ड्रायव्हर, आणि वंदनाच्या हातात इनहेलर.

"कुठं मरून राहिले होते तुम्ही दोघं?" वंदना माझ्यावर किंचाळली. "तासभर वाट पाहिली! शेवटी मीच सायकल मारत गेले वर, हिला एकटीला टाकून. सरळ तर रस्ता आहे!"

त्याच सरळ रस्त्याने आम्ही तिला सायकलवर बसवून, ढकलत वर नेलं. चढ होता. पूर्ण चार किलोमीटर, दमवणारा, खराखुरा चढ. रोहिणीला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. पुढच्या आठवड्यात जबलपुरातल्या ओमती भागातल्या मेकॅनिकने आमच्या दोन सायकली पाहिल्या. "दीदी, ब्रेक तो लोहे तक घिस गए. पहाड़ से उतरे थे क्या?"

दवाखान्यात रोहिणी मला म्हणाली, "ताई, तू आली होतीस."

"कधी?"

"वंदनादीदी वर गेली, त्यानंतर. दोनदा. तू माझ्याकडे बघितलंस. सीधे माझ्याकडे. मला हाक मारता येईना, तर मी उठले आणि तुझं हँडल पकडलं..." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "तू मला झटकलंस, ताई."

वंदना म्हणते, ती तिथे होती तोवर कुणीही आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, प्राणवायू कमी पडला की असे भास होतात. रोहिणीने ते मान्य केलं, मनापासून. आता ती तो किस्सा हसत सांगते. मनोज भैया तो विषय काढू देत नाहीत. चढाचा उतार कसा झाला, त्या दोघी आम्हाला का दिसल्या नाहीत, हे आता मी शोधतही नाही.

मात्र एक गोष्ट मी रोहिणीला अजून सांगितलेली नाही. शेवटच्या खेपेला, कुंडाकाठून वळताना, माझं हँडल एकाएकी डावीकडे जड झालं होतं. वेलीत अडकलं असेल असं वाटून मी जोराने झटका दिला होता. तिथे वेल नव्हती. आणि जे सुटलं, ते एकदम सुटलं नव्हतं... एकेक करत सुटलं होतं, बोटं सुटावीत तसं.