गरम मांड्याची प्रार्थना

फुटक्या कपाच्या कानातसुद्धा देवाचं बोट पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी धुळ्याला सरकारी कचेरीत हिशेब तपासण्याचं काम करतो. पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही, म्हणून हे विधानही जपूनच करतो आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशक पुष्कळ झाले, पण ते रविवारी, देवळात, तयारी करून बोलायचे. आमचे साडू जळगावला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. उपदेशाशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. तरीही त्यांच्या घरी सकाळी चहा उतू जाण्यापासून रात्री दाराला कडी लागेपर्यंत एकही गोष्ट दाखल्यावाचून पार पडत नसे. एका रविवारी मी बोटांवर दाखले मोजायला बसलो होतो. दुपारच्या जेवणाआधीच दोन्ही हातांची बोटं संपली आणि मी नाद सोडला.

माझी बायको एस्तेर आणि साडूंची बायको या सख्ख्या बहिणी. थोरलीला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, आणि एस्तेर साडूंना दाजी म्हणते. अक्कांच्या हातचं वांग्याचं भरीत खायला मी जळगावला जायचो हे लपवण्यासारखं नाही. पळकाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, गरम असतानाच सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची आणि कांद्याची पात. ताट समोर आलं की साडू डोळे मिटत आणि प्रार्थना सुरू होई. तिच्यात पीक, पाऊस, दवाखान्यातले रोगी, दूरचे नातेवाईक आणि एस.टी.चे ड्रायव्हर हे सगळे येऊन जात. आमेन होईपर्यंत भरतावरचं तेल थिजायला आलेलं असे. मग घास हातात धरून ते म्हणत, "साडूभाऊ, वांगं जाळात गेल्याशिवाय त्याचं भरीत होत नाही, हे सगळे सांगतात. पण सोलणाराचा हातही भाजतो, हे कुणी सांगत नाही. देव आपल्याला सोलतो तेव्हा त्याचा हात भाजत असेल की नाही?"

त्यावर अक्का शांतपणे म्हणायच्या, "हात माझा भाजतो. दाखला तुमचा होतो."

त्यांच्या नळाला पहाटे पाणी यायचं. साडू अंगणात उभे राहून आपल्या मुलीला, लिलीला, समजावत, की कृपा ही नळासारखी असते, ती तिच्या वेळेला येते, आपलं भांडं तेवढं रिकामं आणि सरळ पाहिजे. भांडं पालथं असेल तर नळ काय करील? दाखला एवढा रंगला, की भांडं लावायचं राहिलं आणि नळ गेला. त्या दिवशी अक्कांनी शेजारून दोन कळशा उसन्या आणल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नळाचं काम बापलेकींकडून काढून घेतलं. लिलीची वेणी घालताना साडूंना पित्याचा, पुत्राचा आणि पवित्र आत्म्याचा एकपणा दिसला. पेड तीन, वेणी एक. हे पटवून देताना एक पेड हातातून सुटला, आणि पोरगी दोन पेडांचा पीळ घेऊन शाळेत गेली.

घराबाहेरही तीच तऱ्हा. कोपऱ्यावर एका मारवाडी शेटजींचं दुकान होतं. साडूंनी त्यांना एकदा तराजूवरून सांगितलं, की माणसं पारडं बघतात, देव मधला काटा बघतो. शेटजींनी ऐकून घेतलं. तेव्हापासून साडू दुकानात शिरले की शेटजी हातातलं गिऱ्हाईक थांबवून त्यांची डाळ झुकतं माप देऊन आधी बांधत. मला ते एकदा हळूच म्हणाले, "कंपाउंडरसाहेब देवमाणूस आहेत. पण दुकान चालवायचं आहे ना, भाऊ."

हे सगळं वाचून कुणी हसेल. मीही हसायचो. पण घरी परतताना एस.टी.त बसलो, की ते भाजलेल्या हाताचं वाक्य पुन्हा मनात यायचं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासत आलो. एकच चूक शोधायला माझा आठवडा जातो. आणि या माणसाला उघड्या डोळ्यांनी, विडी ओढावी तितक्या सहज, कुठल्याही वस्तूच्या पोटातलं काहीतरी दिसायचं. ते तिथे खरंच होतं की त्यांनी ठेवलं होतं, हे मला कधी ठरवता आलं नाही. मात्र एकदा दाखवल्यावर ते मला दिसेनासंही करता आलं नाही.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आमच्या सासूबाई शेवटची वर्षं जळगावला अक्कांकडे होत्या. ईस्टरच्या आधी त्या गेल्या. त्यांच्या मागे दागिना राहिला नाही की जमीन राहिली नाही. राहिलं ते एक खापर. मांडे भाजायचं मोठं मातीचं खापर चुलीवर पालथं घालतात आणि पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत फिरवून फिरवून, धोतराच्या पानासारखी पातळ करून त्यावर टाकतात. हे ज्याला येतं त्यालाच येतं. सासूबाईंना यायचं. आमच्याकडे नाताळला केक फार उशिरा आला, त्याआधी मांडेच होते. अक्का आईच्या बाजूला बसून कणीक फिरवायच्या आणि एस्तेर चुलीशी बसून जाळ सांभाळायची. खापर वर्षानुवर्षं तापून काळंभोर, गुळगुळीत झालेलं होतं.

आई गेली तेव्हा दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. ईस्टरनंतर एस्तेर म्हणाली, "अक्का, खापर थोडे दिवस मला दे. आईचं काहीतरी घरात असू दे." अक्कांनी ते गोधडीत गुंडाळून दिलं. एस्तेरनं मांडीवर धरून एस.टी.नं धुळ्याला आणलं. घरी येऊन गोधडी सोडली, तर खापराला काठापासून आत गेलेली चीर.

पुढच्याच महिन्यात एका लग्नासाठी अक्का धुळ्याला आल्या आणि त्यांनी ते पाहिलं.

"मी दिलं तेव्हा टणटणीत वाजत होतं," अक्का म्हणाल्या.

"वाजवून दिलं होतंस? मला तर गुंडाळलेलंच दिलंस."

"म्हणजे मी फुटकं दिलं?"

"मी तसं म्हटलं नाही. तू म्हणते आहेस."

"बारा वर्षं आईचं मी केलं, तेव्हा नाही काही फुटलं."

हे शेवटचं वाक्य निघालं आणि विषय खापराचा राहिला नाही. तेव्हापासून दोघी बोलेनाशा झाल्या. आई गेल्याचं दुःख ज्या एकाच माणसाजवळ बोलता आलं असतं, तेच माणूस दोघींनी गमावलं. एस्तेर स्वयंपाकघरात पाठ करून रडायची. अक्कांचीही तीच अवस्था, असं साडूंकडून कळायचं. मी माझ्या पद्धतीनं चौकशी केली. खापर कुठल्या सीटवर होतं, एरंडोलला गाडीनं कुठे गचका खाल्ला, चीर काठाच्या कुठल्या बाजूला आहे, हे सगळं पाहून मी निष्कर्ष काढला, की दोष निश्चित करता येत नाही, म्हणून तो निम्मा निम्मा धरावा. हा निष्कर्ष दोघींनीही सारख्याच रागानं फेटाळला. एवढ्या एका बाबतीत त्या वर्षी त्यांचं एकमत झालं.

मग साडू धुळ्याला आले. त्यांनी चिरलेलं खापर उचलून मांडीवर घेतलं, चिरेवरून बोट फिरवलं. मी सावरून बसलो. मातीचं भांडं, त्याची चीर, आईची आठवण. याहून सोपा दाखला त्यांना आयुष्यात मिळाला नसेल. त्यांनी तोंड उघडलं.

"दाजी," एस्तेर म्हणाली, "आज दाखला नको. हे खापर नाही. ही माझी आई आहे."

त्यांनी तोंड मिटलं. खापर हलकेच खाली ठेवलं, चहा घेतला आणि जळगावची गाडी धरली.

त्यानंतर साडूंचे दाखले बंद झाले. प्रथम कुणाचा विश्वास बसेना. प्रार्थना आखूड झाली, घरात जेवण गरम मिळू लागलं, तर अक्कांनी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर त्यांच्याच दवाखान्यातले. त्यांनी जीभ बघितली, म्हणाले, काही नाही. मी जळगावला गेलो तर घर सुनं वाटलं. शेटजीसुद्धा मला म्हणाले, "साहेब बरे आहेत ना? हल्ली डाळ घेऊन मुकाट्यानं जातात. मी झुकतं माप देतोच आहे, त्यांना सांगा."

नाताळ जवळ आला तसे साडू स्वतः धुळ्याला आमंत्रण घेऊन आले. एस्तेर आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, येते, पण अक्काच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही. तिकडे अक्कांनी जाहीर केलं होतं, की यंदा मांडे नाहीत. आईचं खापर नाही तर मांडे कशाला. आम्ही आदल्या दिवशी पोचलो. संध्याकाळी साडू मला म्हणाले, "चला, जरा जाऊन येऊ," आणि कुंभारवाड्यात घेऊन गेले. त्यांनी नवं खापर आधीच सांगून ठेवलं होतं. कुंभार म्हातारा होता. त्यानं खापर बोटानं वाजवून दिलं आणि बजावलं, "नवं खापर शे दादा, एकदम जाळवर ठेवानं नही. धीरे धीरे तपाडानं." मी साडूंच्या तोंडाकडे पाहिलं. असं वाक्य आयतं हातात आलं, आणि हा माणूस फक्त मान हलवून खापर खांद्यावर घेऊन चालू लागला. मला त्यांची खरोखर काळजी वाटली.

नाताळच्या दिवशी उपासना आटोपून आम्ही घरी आलो. अक्का मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेल्या. एस्तेर मागच्या ओट्यावर बसली. साडू परसात गेले. तिथे त्यांनी तीन दगडांची चूल मांडली होती. नवा पांढरा सदरा अंगात होता, त्याच्या बाह्या काखेपर्यंत दुमडल्या. एका पातेल्यात कणीक, एकात पुरण. ते त्यांनी कधी आणि कसं शिजवलं हे लिलीलाच ठाऊक. मग या पन्नाशीतल्या कंपाउंडरनं कणकेचा गोळा घेतला, पुरण भरलं आणि हातांवर फिरवायला सुरुवात केली.

पहिला मांडा कोपरापाशी फाटला आणि अर्ध्या बाहीसारखा हातात अडकून राहिला. दुसरा बरा फिरला, पण खापरावर पडण्याऐवजी राखेत पडला. तिसरा खापरावर पडला, मात्र एका बाजूनं एवढा जाड, की वाळत घातलेला पायमोजा वाटावा. साडूंच्या कानापर्यंत कणीक, सदऱ्यावर पुरण, डोळ्यांत धूर. ते कुणाकडे बघत नव्हते. चौथा गोळा उचलत होते.

"जाळ फार मोठा आहे," एस्तेर ओट्यावरून हवेला म्हणाली.

"कणीक तरी कुठे तिंबली आहे?" अक्का स्वयंपाकघराच्या दारातून हवेलाच म्हणाल्या.

चौथा मांडा फिरता फिरता वर उडाला आणि साडूंच्या डोक्यावर बसला. त्यांनी तो काढला नाही. दोन्ही हात पसरून तसेच उभे राहिले, पुढे काय करायचं असतं हे विसरल्यासारखे.

एस्तेरला हसू फुटलं. "अक्का," ती म्हणाली, "आईनं पाहिलं असतं तर..."

"लाटण्यानं मारलं असतं," अक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून चुलीपाशी आल्या. "सरका तुम्ही. पुरणाची नासाडी नुसती. एस्तू, ती दोन लाकडं ओढ बाहेर."

एस्तेर चुलीशी बसली. अक्कांनी कणीक पुन्हा तिंबली. पहिला मांडा त्यांच्या हातांवर फिरू लागला तेव्हा दोघी बोलत नव्हत्या. तो खापरावर पडला, फुगला, आणि एस्तेर जाळाकडे बघत म्हणाली, "आईचे मांडे असे पहिल्याच फेरीत पडायचे." अक्का म्हणाल्या, "नाही गं. तिचाही पहिला फाटायचा. तो ती गुपचूप मला द्यायची." मग दोघीही रडल्या. एकीचे हात कणकेत होते, दुसरीचे राखेत, त्यामुळे कुणाला डोळे पुसता येईनात.

जेवायला बसलो. आम्ही सगळे साडूंकडे बघत होतो. एवढ्या महिन्यांचं साठलेलं आता बाहेर पडणार, हे अक्कांनाही दिसत होतं. आज त्याही ऐकून घेणार होत्या. साडूंनी डोळे मिटले.

"प्रभू," ते म्हणाले, "मांडा गरम आहे. आमेन."

दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की हे सगळं त्यांनी मुद्दाम केलं का. ते माझ्याकडे नवलानं बघत राहिले. "साडूभाऊ," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, जमेल मला." मी त्यांचा चेहरा पुष्कळ निरखला, पण त्यावर काही सापडलं नाही. गाडी सुटताना ते खिडकीशी येऊन म्हणाले, "बघा, गाडीला पुढे एक काच मोठी आणि मागे बघायला आरसा छोटा..." पुढचं इंजिनाच्या आवाजात बुडालं, आणि एस्तेरनं माझा हात धरला. दाजी बरे झाले होते.

गेल्या पावसाळ्यापासून ते नाहीत. त्यांच्यामागे लाखभर दाखले राहिले, पण त्या चार मांड्यांवर त्यांनी जन्मात कधी दाखला दिला नाही. आईचं चिरलेलं खापर आमच्याकडेच आहे. अक्कांनीच ते परत घ्यायला नको म्हटलं. एस्तेरनं त्यात माती भरून अंगणात पुदिना लावला आहे. बाकीच्या कुंड्यांतला पुदिना पावसात सडला, याचा सडला नाही. पाणी चिरेतून निघून जातं. परवा सकाळी हे माझ्या लक्षात आलं आणि मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. यात काहीतरी होतं. त्यांनी ते चहा थंड व्हायच्या आत, किंवा थंड झाल्यावर, नेमकं सांगितलं असतं. मी एस्तेरला हाक मारली. ती पुदिना खुडायला आली होती.

"हे बघ," मी म्हणालो, आणि पुढे मला काही सुचेना.

तिनं चिरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या," ती म्हणाली. "दिसलं मला."