रेशनच्या ज्वारीची भाकरी

भाकरी थापताना तुटते, म्हणून मी एकदा ज्वारीच्या पिठात तेल ओतलं. बहात्तरचा दुष्काळ, घरात तेलाची वानवा, आणि परभणीतली ही नवी सून एवढी हुशार! भाकरीचा पार भुगा झाला. सासूबाई परतायची वेळ झाली, तशी मी चुलीपुढे रडू लागले.

जात्याला टाकी लावायला, म्हणजे झिजलेला दगड टोचून खरखरीत करायला आलेल्या बाईनं छिन्नी खाली ठेवली, हात धुतले, डब्यातलं कोरडं पीठ चिमटीत चोळून पाहिलं. मग परातीत पीठ घेऊन त्यात उकळतं पाणी ओतून तळव्याच्या जोरानं मळत राहिली. भाकरी टम्म फुगली. त्या उकळत्या पाण्यावर माझा संसार तरला. तिचं नाव तेवढं विचारायचं राहिलं.

जाताना ती म्हणाली, "सासूला सांग माय, रेशनची जवारी जुनी हाय, पिठाला चिकटपणा न्हाई, तुजा कायबी दोष न्हाई. तेलाचं मात्र बोलू नको!"