अजून चार बोटं

ग्रीसचा वास आला की मला जयपूरच्या छावणीतली ती दुपार आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाळवंटातून परतलेल्या आमच्या फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅनच्या शाफ्टच्या जॉइंटांत ग्रीस भरायचं काम माझं आणि माझ्याच तालुक्यातल्या एका जवानाचं. ग्रीस भरायचं निपल नेमकं वरच्या बाजूला फिरलेलं असायचं. गाडी जरा ढकलली की शाफ्ट फिरून ते खाली यायचं. मग मी खालून ‘अजून चार बोटं’ म्हणायचो आणि तो गाडी तेवढीच ढकलायचा. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याची बदली झाली, सकाळी त्याला स्टेशनवर सोडलं आणि दुपारी मी एकटाच व्हॅनखाली शिरलो. ग्रीस गन दाबली तशी जुन्या काळ्या ग्रीसबरोबर वाळू बाहेर आली. पुढच्या जॉइंटपाशी सवयीनं बोलून गेलो, ‘अजून चार बोटं रे.’ गाडी हलली नाही. गेटवरच्या पहारेकऱ्यानं वाकून विचारलं, ‘किससे बात कर रहे हो, भैया?’ ‘गाडी से,’ मी म्हणालो. मग बाहेर येऊन मीच गाडी ढकलली. खाली जाऊन बघतो तर निपल पुढे निघून गेलेलं. आता मी गावीच असतो, दिवसभर मराठीच कानावर पडते. पण चार बोटं म्हटल्यावर चार बोटांवरच थांबणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.