यवन सर

भरसभेत उठून वक्त्याला अडवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. एरंडोलला आम्हाला इतिहास शिकवणारे सर. भाषणात कोणी मुसलमानांना ‘यवन’ म्हणालं, की मागच्या रांगेतून सर उभे राहत. ‘कोणते यवन, साहेब? ग्रीक का?’ सभा खो-खो हसे. गावाने त्यांचं नावच यवन सर ठेवलं.

वर्गातही हाच धडा पुन्हा पुन्हा. ‘आयोनिया हा ग्रीकांचा मुलूख. इराण्यांच्या तोंडून ते नाव आपल्याकडे आलं, त्याचं यवन झालं. हे यवन लेण्यांना दान देऊन गेले. कार्ल्याच्या खांबांवर त्यांची नावं आजही आहेत. पुढे पश्चिमेकडून जो येईल त्याला आपण तेच नाव चिकटवलं.’ मग माझ्याकडे बोट. ‘आणि हा शेख कुठून येतो? बाजारपेठेतून. तोही रोज उशिरा!’

शाळेच्या नाटकात यवन सरदार दरवर्षी मीच. आडनाव वाचलं की निवड संपली. तलवार खायची, पडायचं, टाळ्या ऐकत पडून राहायचं. एका वर्षी नाटक सरांकडे आलं. त्यांनी मला पांढरी चादर गुंडाळली, डोक्यावर पुठ्ठ्याचं शिरस्त्राण चढवलं आणि चक्क ग्रीक करून रंगमंचावर ढकललं.

पहिल्या रांगेतून संस्थेचे अध्यक्ष नाना ओरडले, ‘सर, हाई काय सोंग शे?’

‘नाना, नाटकमा यवन लिखेल शे. मी यवनच आना!’

दुसऱ्या दिवशी नानांनी माफी मागायला सांगितलं. सर म्हणाले, ‘या पोराची मागायची असेल तर चला, दोघं मिळून मागू.’

उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्यांची बदली झाली, शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत. तिथूनच ते निवृत्त झाले. शाल द्यायलाही संस्थेतून कोणी गेलं नाही.

यंदा सर गेले. संस्थेने शोकसभा घेतली. ज्यांनी हाकललं, तेच हार घेऊन पुढे. माईकवर नाना गहिवरले, ‘यवनांच्या अत्याचारांचा इतिहास सरांनी किती पोटतिडकीने शिकवला!’

सवयीने दोन-चार माना मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे मी बसलो होतो. मी उठलो.

‘कोणते यवन, नाना? ग्रीक का?’

सर उभे राहत, तेव्हा सभा हसायची. माझ्या वेळी कोणी हसलं नाही.