शेवंताची पिल्लं आणि माझं मांसाहारी झाड

“झारानंच खाल्ली! तुज्या त्या राकुस झारानं माजी पिल्लं खाल्ली, हिरे!”

शेवंता माझ्या अंगणात कोयता घेऊन उभी. मी तिच्या आणि टबाच्या मधे, दोन्ही हात पसरून.

“अगं, त्याचं तोंड केवढं, तुझं पिल्लू केवढं! जरा अक्कल चालव!”

“मंग माज्या नातवाला काय बोललीस? बोट घातलंस तं बोट जाईल?”

बोलले होते मी तसं. अगदी डोळे वटारून!

हा गाढवपणा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. पण तुम्ही चहा घेताय, खुर्चीत टेकून बसलाय, पडायची भीती नाही, म्हणून सांगते.

मी नायगावजवळच्या जूचंद्रची. शाळा चौथीपर्यंत. पण बागेतलं मला कोणी शिकवायचं नाही. फोनवर इंग्रजी नावं एकेक अक्षर लावून वाचते, आणि अडलं तर अडलेलं कोणाला कळू देत नाही. त्या फोनवरच एकदा किडे खाणारी झाडं पाहिली आणि डोक्यात किडाच शिरला. मागवली! पानांचा चिमटा करून माशी पकडणारं एक, चिकट थेंबांचं एक, आणि नळीसारखी उभी पानं असलेली घटपर्णी. नळीच्या तोंडाशी गोड रस. माशी रसाला येते, घसरते, आत पडते, संपली.

अंगणात जुना प्लास्टिकचा टब होता. त्यात वाळू आणि मॉस म्हणतात ते मऊ काळं कुजलेलं शेवाळ भरलं, पावसाचं साठवलेलं पाणी सोडलं, आणि छोटीशी दलदल तयार केली. झाडं पाठवणाऱ्या नर्सरीवाल्याने फोनवर तीनतीनदा बजावलं, “आजी, या झाडांना खत म्हणजे विष. काही म्हणजे काही घालू नका. त्यांचं ती पकडून खातात.”

आता तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं वांगी-मिरच्या पिकवलेल्या बाईला हा पोरगा खत शिकवणार? आणि झाड मांसाहारी! मग त्याला काय आवडेल? कुटी! सुक्या मासळीचा चुरा हो. आमच्याकडे वांगं असो, केळ असो, मरगळलं की मुळाशी मूठभर कुटी घालायची, आठ दिवसांत तरारून उठतं. मी अर्नाळ्याहून चांगली वासाची कुटी आणली आणि दर चार दिवसांनी मूठ-मूठ टबात पेरायला लागले. वास असा की रस्त्यानं जाणारे नाकाला पदर लावायचे. मला वाटलं, जळतात मेले.

शेवंता माझी शेजारीण, आमच्यात एक कुडाचं कुंपण. तिची लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला येणार म्हणून तिनं आठ गावठी पिल्लं वाढवायला घेतली होती. बाळंतिणीला गावठी कोंबडीचा रस्सा हवा, बाजारातली पांढरी कोंबडी तिला पाण्यासारखी लागते. पिल्लांना ती नावानं हाक मारायची. लेकीला इतक्या मायेनं हाक मारलेली मी ऐकली नाही!

पहिलं पिल्लू गेलं तेव्हा तिनं घारीला शिव्या घातल्या. दुसरं गेलं तेव्हा मांजराला. मी कुंपणावरून दोन्ही वेळा होकार भरला.

तिसरं गेलं त्या दिवशी सकाळी मी टबाशी गेले, आणि पाहते तर काय!

मॉस उकरलेलं. एक नळी आडवी पडलेली. आणि दुसऱ्या नळीच्या तोंडात पिवळं पीस!

तुम्हाला हसू येतंय. येऊ द्या. त्या सकाळी तुम्ही तिथं हवे होतात! मी पीस उचललं, इकडेतिकडे पाहिलं, आणि ब्लाऊजमध्ये लपवलं. खुनी पुरावा लपवतो ना, तसं. मग फोन घेऊन बसले. त्यात लिहिलेलं, कुठल्याशा परदेशी जंगलात मोठ्या घटपर्णीत उंदीर सापडतात. उंदीर! मग पिल्लू का नाही?

त्यात पानांना उन्हाचा लाल रंग चढायला लागला. ऊन, हे मला आज कळतंय. त्या वेळी मला वाटलं, रक्त चढतंय.

त्या दिवसापासून मी पाणी लांबून घालायला लागले. काठीला प्लास्टिकचा मग बांधून! ऐन दुपारी, वारा नाही, पान हलत नाही, आणि टबातून खसखस, खसखस. मी खिडकीच्या फटीतून पाहायची. घटपर्णीच्या नळ्या डोलताहेत! एकदा तर सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. वळल्या म्हणते ना! मी खिडकी लावली, कडी घातली, आणि भर दुपारी गोधडी घेऊन झोपले. खाडीच्या चिखलात कमरेइतकी उतरलेली बाई मी. फुरसं काठीनं मारलेलं. पण ज्याला पाय नाहीत, डोळे नाहीत, आणि तरी खातंय, त्याला मारायचं कुठं?

आणि उपटून टाकावं, तर सगळ्या आळीत मी सांगत फिरलेली, “असलं झाड अख्ख्या नायगावात नाही!” टाकलं तर लोक विचारणार, का टाकलं? भ्याले म्हणून सांगू?

तेव्हा मी काय केलं असेल? त्याला जास्त कुटी घातली. म्हटलं, पोट भरलेलं राहिलं तर पिल्लांकडे जाणार नाही. एक मूठ होती, तिच्या दोन केल्या.

चौथं गेलं. पाचवंही.

आणि त्या दिवशी शेवंताच्या नातवानं तिला सांगितलं, हिराआजीचं झाड मांस खातं, बोटसुद्धा खातं. झालं! कोयताच घेऊन आली.

“सरक बाजूला!”

“नाही सरकणार! माझ्या झाडाला हात लावलास तर याद राख!”

“पाच पिल्लं गेली, पाच! लेक येल ती काय तुजं मॉस खायल?”

ती तसं म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. शेवंता रडते हे मी चाळीस वर्षांत दोनदा पाहिलंय. मी पसरलेले हात खाली घेतले. पण तोंड? तोंड कसलं ऐकतंय!

“झाडाला काही माहीत नाही! निष्पाप आहे ते! कीडमुंगी खाणारं गरीब झाड!”

तेवढ्यात पाठीमागे खसखस.

मी वळले नाही. वळवेना. शेवंताचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे लागलेले, कोयता हातातून निसटत चाललेला.

“हिरे... हलतंय गो.”

“वारा असेल,” मी म्हटलं. वारा कुठला!

घटपर्णीच्या नळ्या बाजूला झाल्या, आणि मधून एक तोंड वर आलं. लाल डोळे. मिशांना कुटी चिकटलेली. मुंगूस! चांगलं हातभर लांब, माझ्या कुटीवर पोसलेलं, पोट असं टम्म की माझ्या सुनेचंही दिसलं नसेल नवव्या महिन्यात. रोज माझ्याकडे येऊन कुटीचा नाश्ता करायचं, आणि जेवायला कुंपणापलीकडे जायचं. नळीतलं ते पीसही त्याच्याच तोंडातून पडलेलं. माझी झाडं बिचारी बुंध्याशी काळी पडलेली, खतानं जळालेली. खाणं दूरच, स्वतः मरायला टेकली होती.

मी किंचाळले. ते दचकलं. टबातून उडी मारली, माझ्या दोन पायांमधून निसटलं, आणि उघड्या दारातून थेट माझ्या घरात!

आम्ही दोघी उभ्या. शेवंतानं टबाकडे पाहिलं. मुठीनं पेरलेली कुटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती. आळीतल्या चार बाया कुंपणाशी जमलेल्या. माझ्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

चूक माझी, हे शब्द मी नवऱ्यापाशी उच्चारले नाहीत, सासूपाशी नाहीत. त्या दिवशी तोंडातून निघाले ते मात्र असे:

“शेवंते, चूक माजी, मुंगूस मीच पोसला, तुजी पिल्लं माज्यामुलंच गेली, काय बोलायचं ते मंग बोल, पन आधी माज्याबरोबर घरात चल गो, मना एकटीला भ्या वाटतं!”